कूलर बंद, लॅपटॉप बंद

आमच्या शेजारच्या प्रेमिलाताईंना कोणी विचारलं, तुम्ही काय करता, की त्या म्हणतात, "टायपिंग." बस, एवढंच. कोर्टाबाहेर कडुनिंबाखाली टेबल मांडून या बाईनं अर्धं आयुष्य लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप केली. नवरा गेल्यावर मुलगी शिकवली, परदेशात पाठवली. आणि हे सगळं थोरल्या दिरांच्या घरात राहून, त्यांच्यासमोर मान वर न करता. त्या दिरांना सारी वस्ती भैय्याजी म्हणते. मी त्यांना काय म्हणते ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मुलीनं, दीप्तीनं, कॅनडातून आईसाठी लॅपटॉप पाठवला. ताईंच्या मनात एक काम होतं. छप्पन साली आईबापांचं बोट धरून दीक्षेला गेलेल्या मुली आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून उतरवून घ्यायच्या आणि ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात तेव्हा छापून आणायच्या. बायांनी बोलायचं, ताईंची बोटं चालायची. या कामाला उशीर परवडणारा नव्हता, हे कोणालाही कळलं असतं.

भैय्याजींना मात्र लॅपटॉपची चपटी पिन तेवढी दिसली.

"हे तिकडचं एकशे वीस व्होल्टवालं मशीन आहे. आपल्या इथं दोनशे तीस. लावलं का भस्सकन जळून जाईन!"

भैय्याजी वीज कार्यालयातून निवृत्त झालेले. तिथं ते बिलांच्या विभागात होते. टेस्टर त्यांनी जन्मात हातात धरला नाही. पण अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायची हौस दांडगी. दीप्तीनं फोनवर परोपरीनं सांगितलं, "मोठे बाबा, चार्जरवरच लिहिलं आहे, शंभर ते दोनशे चाळीस. फक्त पिन बदलायची आहे."

"कंपनीवाले काहीही लिहितात, बेटा. माझी जिंदगी लाईटीत गेली. मले नोको शिकवू."

हातच्या कांकणाला आरसा कशाला? चार्जर समोर टेबलावर पडलेला होता. चष्मा लावून वाचला असता तर भैय्याजींचं काही झिजलं नसतं. पण त्यांनी वाचला नाही, आणि घरात दुसऱ्या कोणाच्या वाचण्याला किंमत नव्हती.

ताईंनी सदरच्या बाजारातून पिन आणली, ती तेवढी त्यांनी आणू दिली. मग मे महिन्यात त्यांनी एक शोध लावला. दुपारी साऱ्या वस्तीचे कूलर सुरू झाले की आमच्याकडे व्होल्टेज पडतं. ट्यूबलाइट फडफडते, पंखा रेंगाळतो. भैय्याजी म्हणाले, व्होल्टेज पडलं म्हणजे परदेशी मशीनला मानवेल असा करंट झाला. झालं! फ्रिजच्या स्टॅबिलायझरसमोर खुर्ची टाकून ते काट्याकडे बघत बसायचे. काटा खाली आला की ओरडायचे, "लाव वं, लाव!" आणि वर सरकला की, "काढ, काढ!" लॅपटॉप चार्ज व्हायचाच. तो कधीही झाला असता. पण भैय्याजी पानठेल्यावर आपल्या अकलेचे पोवाडे गाऊन आले.

अशा दुपारी समोरच्या इंदुताई आठवणी सांगायला यायच्या. ऐंशीच्या घरातल्या, कानानं तिखट, जिभेनं त्याहून. त्यांचं माहेर रामटेककडचं. बैलबंडीनं सारं घर नागपूरला कसं आलं ते त्यांनी रंगवून सांगितलं. मग म्हणाल्या, "मायच्या अंगावर पांढरंशुभ्र लुगडं होतं. आमच्या घरात खायचे वांधे, पांढरं लुगडं कुठलं वं? थे तिनं कुठून आणलं, थेच तं सांगायचं आहे." आणि थांबल्या. "पहिले जेवढं सांगितलं तेवढं वाचून दाखव. बरोबर लिहिलं असंन तं पुढचं सांगतो."

नेमकी तेव्हाच बॅटरी संपली. आभाळ आल्यामुळे कूलर बंद, काटा वर. भैय्याजींनी चार्जर लावू दिला नाही.

त्याच रात्री पाऊस लागला. कूलर बंद झाले, काटा वर गेला तो खाली येईना. भैय्याजींनी लॅपटॉप लोखंडी कपाटात घालून कुलूप लावलं. म्हणाले, "आता उन्हाळ्यात काढू."

उन्हाळ्यात! पुस्तक ऑक्टोबरात काढायचं आणि हा माणूस उन्हाळ्याची वाट बघणार! मी ताईंना म्हटलं, माझ्या घरी लावा. भैय्याजी दारातूनच म्हणाले, "तुमची लाईन काय आभायातून आली का? साऱ्या वस्तीची डीपी एकच आहे." ताईही घाबरल्या. एवढ्या बायांचं बोलणं त्या मशीनमध्ये होतं. खरंच जळलं तर पुन्हा कोण सांगणार? मी म्हटलं, मग उरलेलं कागदावर घ्या. त्या विचारून आल्या, पण इंदुताई हटून बसल्या होत्या. "पहिले आयकव."

रोज सकाळी समोरून हाक यायची, "उघडलं का वं तुझं मशीन?"

"नाही अजून," ताई म्हणायच्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

ऑगस्टमध्ये इंदुताई झोपेतच गेल्या.

घाटावरून मंडळी परतली. ताईंनी आंघोळ केली आणि ओल्या केसांनीच भैय्याजींच्या उशीखालची किल्ली काढली. मी दारातच उभी होते. त्यांनी लॅपटॉप काढला, पिन लावली, बटण दाबलं.

"अवं बाई, काटा पाह्य! दोनशे पस्तीस!" भैय्याजींनी पाय उचलून पलंगावर घेतले.

लॅपटॉपचा बारीकसा दिवा लागला. ना धूर, ना वास. थोड्या वेळानं पडदा उजळला. इंदुताईंचं शेवटचं वाक्य तिथं होतं, लुगड्यापर्यंत आलेलं.

भैय्याजींनी हळूच पाय खाली सोडले. "आज व्होल्टेज कमीच असंन," ते म्हणाले. "काटाच बिघडला वाटते."

मला वाटलं, आता मीच बोलते. पण ताईंनी मान वर केली. त्या घरात मी ती पहिल्यांदा वर झालेली पाहिली.

"भाऊजी, तुम्हाले सगळंच माहीत असते. मंग इंदुताईच्या मायनं थे पांढरं लुगडं कुठून आणलं, थेही सांगा. मी टाइप करतो."

आणि बोटं कळांवर ठेवून त्या खरंच थांबल्या. भैय्याजी स्टॅबिलायझरकडे बघत बसले.