लालबाई

विलायतेत कापसाचा तुटवडा पडला आणि बार्शीटाकळीच्या आमच्या घरात आम्हालाच राहायला जागा उरली नाही. भाव आणखी चढेल म्हणून सासरे कापूस विकेनात. माजघर आढ्यापर्यंत भरलं, आणि चूल भिंतीच्या पलीकडेच. मला धड झोप लागत नसे. एक ठिणगी उडाली की सगळा कारभार आटोपला.

सासूबाईंनी यावर तोडगा काढला होता, तो असा की घरात आगीचं नावच घ्यायचं नाही. रात्री सापाला लांबडं म्हणतात ना, तसं आगीला लालबाई म्हणायचं. माझा लहानगा बोलायला शिकला तो तेवढंच नाव शिकला.

संक्रांतीच्या सुमारास अमरावतीहून माझे वडील आले. ते पुराणिक. शब्दाचं कूळ काढल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे. चुलीकडे बोट दाखवून त्यांनी नातवाला विचारलं, "ते काय रे?"

"लालबाई!"

वडील हसले नाहीत. "वेदांमध्ये अग्नी," ते मला म्हणाले, "प्राकृतात अग्गी, आपल्या तोंडी आग. इतक्या पिढ्यांनी हा शब्द झिजवला, पण टाकला नाही कुणी. पोराला लांबून थांबवायला लागतो गं तो."

सासूबाई आतून कडाडल्या, "तुह्या बाबाले सांग वं! कापसापुढं तिचं नाव काहून घेऊन राहिले? आइकते ते लालबाई!"

मीच वडिलांना गप्प बसवलं. मलाही वाटत होतं, ऐकत असेल.

ते परत गेले त्याच आठवड्यातली गोष्ट. मी अंगणात तूर पाखडत होते. सहज मान वर केली, तर मुलगा माजघराच्या दारात. हातात खापरी, खापरीत रसरशीत निखारा. आजी कापसाच्या ढिगाला लक्ष्मी म्हणून ओवाळते, हे त्यानं पाहिलं होतं.

"आग!" मी किंचाळले. "आग आहे ती, टाक!"

तो वळून गोड हसला. त्याला तो शब्द ठाऊकच नव्हता. "लालबाई," त्यानं मला समजावलं, आणि खापरी ढिगापुढे ओवाळू लागला.

मी कशी पोचले ते आठवत नाही. निखारा घरंगळला तो वरच्यावर मुठीत धरला आणि अंगणात पळाले.

"नाव घेतलं म्हनून आली वं ते," सासूबाई रडत होत्या.

मुलगा माझ्यामागे आला. मी भाजलेला तळवा त्याच्यापुढे उघडला. म्हटलं, "म्हण. आग."

"आग," तो म्हणाला, आणि भोकाड पसरून रडू लागला.