टोरांटोपुरती कच्ची केळी

मुंबई ते सिडनी किती मैल आणि विमानाला किती तास, हे सिडनीला निघालेला माझा मुलगा मोबाइलवर बघत होता. परदेशातून परतून मेहरूणला थाटलेल्या आमच्या स्वयंपाकघरात पिकल्या केळ्यांचा गोड वास भरला होता. मला एकदम माहेरचा, चोपड्याचा केळीचा मळा आठवला.

तेव्हा लग्न होऊन मी टोरांटोला निघाले होते. माझे वडील, आबा, जन्मभर दिल्लीच्या ट्रकमध्ये केळी भरत आलेले. बाजार जितका लांब, तितका घड कच्चा कापायचा, हा त्यांचा हिशेब.

"टोरांटो दिल्लीना पुढे किती शे?" त्यांनी विचारलं.

"खूपच पुढे आबा."

ते विळा घेऊन बागेत शिरले आणि बोटाएवढी, दगडासारखी टणक केळी घेऊन आले. आई म्हणाली, ही तर भाजीच्याही कामाची नाहीत. आबा म्हणाले, "जाता जाता पिकतीन."

विमानानं दिवसभरात पोचवलं. तिथल्या विमानतळावर तपासणी करणाऱ्या बाईंनी पिशवी उघडली, एक केळं टेबलावर ठोकून पाहिलं आणि सगळी काढून घेतली.

पोचल्यावर केलेल्या फोनवर आबांनी खुशाली विचारलीच नाही. "केळी पिकन्यात का?"

"नाही आबा, हिरवीगार होती. विमानतळावरच काढून घेतली."

 माल वाया गेल्याचं त्यांना लागणार, असं मला वाटलं. पण ते आईला हाक मारून सांगताना ऐकू आले.

"आयकं का, पोर काही लांब नही गयी. केळी बी पिकन्यात नहीत."