इकबालभाईंची सोपी माणसं

आगरदांड्याच्या जेटीवर दिघीच्या फेरीबोटीची वाट बघत होतो, तेव्हा इकबालभाईंच्या घरून रुखसानाभाभींचा फोन आला. "मास्तर, हे गेले," एवढंच म्हणाल्या. दफनाला पोहोचलो खरा, पण तिथे उभं राहायची लाज वाटत होती. शेवटच्या भेटीत मी इकबालभाईंना दुखावून आलो होतो... दोन महिने होत आले, अजून ते मनातून जात नाही.

इकबालभाई आखातात जहाजदुरुस्तीच्या कामावर होते. कायमचे म्हसळ्याला परतले ते एक भलामोठा खोका घेऊन. आत पटावरचा खेळ: ग्रह, तारे, बोटभर रंगीत जहाजं आणि नियमांचं जाडजूड पुस्तक. आठ जमातींपैकी प्रत्येकाने एक घ्यायची आणि अवकाशात राज्य उभारायचं. शुक्रवारी ते जुम्याची नमाज पढून आले, की मी बुद्धवाडीतून निघायचो. "जयभीम मास्तर, या!" अशी हाक पडवीतूनच यायची.

पहिल्या दिवशी म्हणाले, "मास्तर, माणसांची जमात घ्या. तिला वेगळे नियम नाहीत. चुकलात तरी सावरता येतं." मी तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, आणि मला सोपं? हट्टाने यंत्रांची जमात घेतली. तिचं एक जहाज हलवायचं तर चार पानं वाचावी लागतात. चहा येईपर्यंत माझा पार धुव्वा! ते हसले नाहीत. पट पुन्हा मांडला, माणसं माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "आता खेळा. रागावून घरी जायचं न्हाय." तेव्हापासून मी माणसं आणि ते यंत्रं, असंच वर्षानुवर्षं चाललं.

गेल्या वर्षापासून त्यांचं विसरणं वाढलं. आपली पाळी झाली की नाही, हेच आठवेना. यंत्रांचे नियम तर पार गोंधळायचे. त्या शेवटच्या शुक्रवारी मी शहाणपणा केला. त्यांना न विचारताच माणसं त्यांच्यापुढे मांडली. ते एकदा पटाकडे, एकदा माझ्याकडे बघून "मला, मास्तर?" म्हणाले. मग डोकं दुखतंय म्हणून आत निघून गेले. अरे, विचारायला काय झालं होतं मला! जन्मभर पोरांना विचारत आलो, समजलं का, येतंय का... आणि या माणसाला तेवढं विचारलं नाही. पुढच्या शुक्रवारी माफी मागायची असं ठरवून मुलीकडे मुरुडला गेलो. त्याआधीच ते गेले.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर भाभींकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. रडू आवरलं नाही. भाभींनी पाण्याचा पेला पुढे केला. मग म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही गेल्यावर हे पट उचलून आतल्या खोलीत घेऊन गेले. तीन दिवस तेच. जेवायला हाक मारली तरी उठेनात. म्हणायचे, थांब गं, याच माणसांनी मास्तरांना हरवतो की नाही बघ."

त्यांनी त्या खोलीचं दार उघडलं. खिडकीजवळच्या टेबलावर पट तसाच होता, कुणाला हात लावू दिला नव्हता. इकबालभाईंच्या बाजूला माणसं नीट ओळीने मांडलेली. आणि समोर, माझ्या बाजूला, यंत्रं.

"पहिली चाल तुमची, असं सांगून ठेवलंय," भाभी म्हणाल्या.