गप्प राहिलेला रांजण

द्राक्षांचा हंगाम आला की आमच्या सासरी कोणी कोणावर रागवत नसे. रागवायला तोंड मोकळं कुठे असायचं? दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची चार-पाच वर्षं असतील, मी नाशकात नवी सून होते. गंगेकाठी, म्हणजे गोदावरीच्या काठी, आमची बाग होती. पांगाऱ्यावर चढवलेले वेल होळीच्या सुमाराला लगडले की सगळं घर सकाळीच टोपल्या घेऊन निघायचं. सासूबाई सगळ्यांना "तोडा, खाऊ नका" म्हणून बजावत आणि स्वतः पदराआड अख्खा घोस फस्त करत. मी पाहिलं की मलाही एक घोस मिळे. इतकी गोड लाच मी पुन्हा कधी खाल्ली नाही.

घरचा धंदा द्राक्षासवाचा. माझे सासरे, म्हणजे मामंजी, वैद्य होते. इतर वैद्य मनुका वापरत. आमच्याकडे हंगामात ताज्या द्राक्षांचाच काढा होई. त्यात गूळ आणि पेठच्या डोंगरातून आलेली धायटीची फुलं घालायची, आंबवण्याचं काम तीच करत, आणि रांजणांची तोंडं फडक्यानं बांधायची. तीन-चार दिवसांत आतून बारीक सुरसुर सुरू होई. त्याला आम्ही रांजण बोलला म्हणायचो. न बोललेल्या रांजणाचं आसव होत नाही, नुसतं गोड पाणी राहतं.

रांजणांच्या कोठीत बायकांना मज्जाव होता. मामंजी रोज सकाळी एकटे आत जात, एकेका रांजणाला कान लावत आणि देवाचं बोलणं ऐकून आल्यासारखे बाहेर येत. मला त्या कोठीचं वेड लागलं होतं. सासूबाईंच्या मागे मी भुणभुण लावली, त्यांनी मामंजींच्या मागे लावली, आणि अखेर मामंजींनी एक लहान रांजण कोठीच्या दाराशी पडवीत ठेवून दिला.

"हा तुझा, सूनबाई. बोलला तर कोठीत ये. नाही बोलला तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

मी पडले स्वच्छतेची भोक्त्री. फुलांच्या गाठोड्यात माती, काड्या, मुंग्या. तशीच कशी घालायची? मी ती चुलीवरच्या काढ्यातच टाकली, चांगली रटरटू दिली आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले.

चौथ्या दिवशी उंबऱ्यापाशी उभं राहिलं तरी कोठीतली सुरसुर ऐकू येत होती. माझा रांजण मात्र ढिम्म. मी दहादा कान लावला. तेवढ्यात मामंजी आले, माझ्या रांजणापाशी वाकले, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "वा! काय छान बोलतोय."

क्षणभर मला आभाळ ठेंगणं झालं. मग वाटलं, असं कसं? त्यांची पाठ वळल्यावर मी पुन्हा कान लावला. काही म्हणजे काही नाही. आणि एकदम उमगलं, मामंजींना बारीक आवाज ऐकूच येत नव्हते.

मी गप्प बसले असते तर कोठी माझी होती. पण ते आसव कुण्या आजाऱ्याच्या पोटात जायचं होतं. सासऱ्यांशी मान वर करून बोलायची तेव्हा रीत नव्हती, मी मान खालीच ठेवली आणि मोठ्यानं म्हणाले, "मामंजी, तो बोलत नाहीये. काल नाही, आज नाही."

ते मागे फिरले. "फुलं कधी घातलीस?"

"काढा उकळताना."

"अगं, मारून टाकलीस की त्यांना! काढा निवल्यावर घालायची." आणि ते असे हसू लागले की त्यांना पडवीतल्या खांबाचा आधार घ्यावा लागला. ताज्या फुलांची ओंजळ त्यांनी स्वतः माझ्या रांजणात घातली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "दोन वर्षं झाली. अदमासानं चालवतोय. घरात कोणाला सांगू नकोस."

"घरात सगळ्यांना ठाऊक आहे!" सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. ते मात्र त्यांना ऐकू आलं.

मामंजी ओशाळून हसले आणि कोठीच्या दारातून बाजूला सरले. "ये, आत ये. पहिल्या रांजणापासून सांग. कोण कोण बोलतंय?"

मी पदर खोचला, उंबरा ओलांडला आणि पहिल्या रांजणाला कान लावला.

"हा बोलतोय, मामंजी," मी ओरडले. "खूप बोलतोय."

त्यांनी डोळे मिटून घेतले.