बाईंचा उजवा पाय

बाईंनाही ताण येतो, हे मला कळलं तेव्हा मी गाडी चालवण्याच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झालो होतो. नापास होणं अपेक्षितच होतं. धक्का बसला तो बाईंना पाहून. निकालाची वाट बघत आम्ही बाकावर बसलो होतो आणि त्यांचा उजवा पाय एकसारखा फरशी दाबत होता.

बाई बावीस वर्षं लोकांना गाडी शिकवतात. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. आपण चुकलो की त्या तो दाबतात आणि म्हणतात, "पुन्हा." माझ्या हातून एक सायकलवाला थोडक्यात वाचला, तेव्हाही आवाज न चढवता "पुन्हा." मला वाटायचं, यांच्या डोक्यावर बर्फ आहे.

बर्फ नव्हता. सगळं त्या पायात साठत होतं. बसमध्ये, जेवताना, झोपेतसुद्धा तो ब्रेक शोधायचा. पोटरी दगडासारखी व्हायची.

"टेबलाखाली माझ्याच पायावर ब्रेक लागतो," यजमान म्हणायचे. "मग मी दुसऱ्यांदा वाढून घेत नाही."

डॉक्टरांनी पोटरी तपासली आणि समुपदेशकाकडे जायला सांगितलं. बाई चिडल्या. "दुखतोय पाय आणि बघणार डोकं?" तरी गेल्या. कारण लेक होती. तिला चार तासांवरच्या गावी नोकरी लागली होती आणि सामान घेऊन ती स्वतः गाडी चालवत जाणार होती. "आई, तू बसने ये," ती म्हणाली होती. "तू शेजारी असलीस की मला गाडीच येत नाही."

बाईंना शेजारी बसून जायचं होतं. एवढंच.

समुपदेशक लेकीच्याच वयाची. बाईंनी पहिल्या दिवशी वही काढून विचारलं, "एकूण धडे किती? परीक्षा कधी?"

"परीक्षा नाही."

"मग पास झाले हे कळायचं कसं?"

हे त्यांनी मला तक्रारीच्या सुरात सांगितलं. मी आ वासून ऐकत होतो.

गृहपाठ मात्र मिळाला. पाय दाबला गेला की टाच टेकवायची, श्वास सावकाश सोडायचा आणि स्वतःला विचारायचं, ही गाडी मी चालवतेय का? शिवाय रोज दुसऱ्याची एक छोटी चूक तशीच राहू द्यायची. सोमवारी ओला टॉवेल पलंगावर राहिला. मंगळवारी कपाटाचं दार उघडं. बुधवारी चूकच सापडेना.

"अहो, काहीतरी चुका ना."

"लग्न केलं तेवढं पुरे नाही का?" यजमान म्हणाले.

एकदा समुपदेशकाशी बोलता बोलता त्या खूप रडल्या. कशासाठी, ते मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पाय दिवसातून किती वेळा दाबला गेला, ते त्या वहीत लिहायच्या. नंतर तो आकडा चाळीसवरून नऊवर आला. लेकीने तो पाहिला आणि अट घातली. "ये. पण एक शब्द बोलायचा नाही."

मागच्या सीटवर गादी, मिक्सर आणि मी. सामान चढवायला मला नेलं होतं. पहिला तास बाई खिडकीबाहेर बघत होत्या. लेकीने ट्रकला जरा घासूनच मागे टाकलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा बाईंची टाच टेकलेलीच होती.

मग एक मोठी पाटी आली आणि गेली. पंधरा किलोमीटरनंतर लेकीने वेग कमी केला.

"आई, आपलं वळण मागे राहिलं का?"

"हो."

"तुला दिसलं होतं?"

"चांगलं दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"आजची चूक तीच धरली."

लेकीने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत सुटली. आधी मला वाटलं रडतेय. डोळे पुसून ती म्हणाली, "बरं, आता सांग. वळू कुठून?"

गाडी शिकल्यापासूनच्या पाच वर्षांत पहिल्यांदा तिने आईला विचारलं होतं. बाईंनी घाई केली नाही. बाटली उघडून दोन घोट पाणी प्यायल्या.

"पुढे पंप आहे, तिथून वळ," त्या म्हणाल्या. "आणि मला चहा पाज."