दिनकरचं 'सर्वानुमते'

'कळविण्यास अत्यंत दुःख होते की…' मोबाईलवर एवढंच दिसत होतं. सकाळी बारामतीच्या स्टँडवर इंदापूरच्या गाडीची वाट बघत उभा होतो. मेसेज उघडला तर आत दिनकरचं नाव, आणि त्यापुढे 'दुःखद निधन'. माझ्या मनात पहिल्यांदा काय यावं? हे त्याला आवडलं नसतं. "निधन कधी सुखद असतंय का रं मास्तर?" असं तो हसून विचारायचा. तिथंच बाकड्यावर बसलो. आलेली गाडी निघून गेली, तरी बसूनच होतो.

दिनकर आमच्या गावचा निवेदक. गाव इंदापूर तालुक्यातलं, भिगवणपासून जवळ. त्याचं स्वतःचं मंडपाचं आणि स्पीकरचं सामान होतं. लग्न असो, कुस्त्यांचा फड असो, ग्रामसभा असो, माईक त्याच्याच हातात. एरवी तो आमच्यासारखाच 'न्हाय-व्हय' करत बोलायचा, पण माईक तोंडाशी आला की भाषा बदलायची. मी पुढे मराठीचा शिक्षक झालो, पण जाहीर बोलण्यातल्या शब्दांचं वजन मला पहिल्यांदा जाणवलं ते त्याच्यामुळे. म्हातारं माणूस गेलं तर तो 'देवाज्ञा झाली' म्हणायचा, माळकरी गेला तर 'वैकुंठवासी झाले'. तरणं माणूस गेलं की नुसतं 'आपल्यातून गेले' म्हणून थांबायचा. तान्हं लेकरू गेलं की स्पीकरचा टेम्पो घराबाहेर काढायचाच नाही. लग्नात 'आग्रहाचं निमंत्रण' म्हणताना खरंच कुणाचा हात धरून ओढत न्यावं तसा आवाज लावायचा. शाळेपासूनचे आम्ही दोस्त. सुट्टीत गावी गेलो की आधी त्याच्या ओट्यावर, मग आमच्या घरी, असा माझा क्रम होता. आमची आई त्यावरून रागवायची.

मग गायरानाचा विषय निघाला. शाळेमागच्या त्या माळावर माझा धाकटा भाऊ म्हसू मेंढरं चारायचा. आमच्या घरात मेंढरं ठेवणारा तो शेवटचा. ती जागा एका कंपनीच्या गोदामाला द्यायची, असा ठराव सरपंचांनी ग्रामसभेत आणला. सभा शाळेच्या पटांगणात होती. मी मुद्दाम रजा काढून गेलो आणि पुढच्या रांगेत बसलो. दिनकरने ठराव वाचला. विरोध असलेल्यांनी हात वर करावेत, असंही त्यानेच सांगितलं. मी हात वर केला. म्हसूने केला, मागे बायकांनी केले… मान वळवून पाहिलं तर सगळीकडे हातच हात दिसत होते. पुन्हा समोर पाहिलं. दिनकर माझ्यापासून चार पावलांवर उभा होता. त्याने माईक तोंडाशी नेला आणि नेहमीच्या भारदस्त आवाजात म्हणाला, "हा ठराव सर्वानुमते मंजूर झाल्याचे जाहीर करण्यात येत आहे." लोक ओरडायला लागले. त्याने आवाज वाढवला आणि पुढचा विषय वाचायला घेतला.

आम्ही तहसीलला हरकत घेऊन गेलो. तिथल्या साहेबांनी ठराव वाचला आणि शांतपणे विचारलं, "सर्वानुमते आहे की. मग तुमची हरकत आली कुठून?" माळाला तारेचं कुंपण पडलं. म्हसूने मेंढरं विकली, आणि आता तो भिगवणला मासळीचे क्रेट उचलतो. घरी आला की आधी अंगाचा वास जाईपर्यंत आंघोळ करतो, मग जेवायला बसतो. मी दिनकरच्या ओट्यावर जाणं सोडलं. तरी मनात त्याची बाजू घेतच होतो. दुपारची वेळ होती, ऊन त्याच्या डोळ्यांवर येत होतं, त्याला हात दिसले नसतील… किती वर्षं मी हे स्वतःला सांगत राहिलो!

तो बारामतीत दवाखान्यात आहे असं कळलं तेव्हा गेलो. पार वाळला होता. त्याची बायको, शालनवहिनी, चहा आणायला खाली गेल्या, तेवढ्यात त्यानेच विषय काढला.

"मास्तर, त्या सभंचा राग हाय न्हवं अजून?"

"तुला हात दिसले नव्हते ना?" मी विचारलं. त्याने 'नाही' म्हणावं म्हणूनच विचारलं.

"दिसलं की. पयला तुझाच दिसला."

"मग?"

"मग काय… 'बहुमतानं' म्हणलं की हात मोजावं लागत्यात. आन् मोजलं असतं तर तुमीच जास्त व्हता. सरपंचानं आदीच बजावलं व्हतं, तोंडातनं 'सर्वानुमते'च निगाया पायजे."

माफी त्याने मागितली नाही. कुठली वायर कुठं जोडली हे सांगावं, तसं सांगितलं. वहिनी चहा घेऊन वर आल्या. मी तो न घेताच निघालो. तीच आमची शेवटची भेट.

दहाव्याला वहिनींनी निरोप पाठवला, श्रद्धांजलीचे दोन शब्द भावजींनीच बोलावेत. नाही म्हणवलं नाही. निघताना म्हसू दारातच बसला होता. "जा की. दोस्त व्हता तुझा. पर माझ्या वतीनं काय बोलू नगंस," एवढंच म्हणाला. उजनीच्या पाण्याकाठी विधी झाला. लोक उन्हात उभे होते. मी माईक घेतला. 'समस्त ग्रामस्थांच्या वतीने' हे शब्द ओठांवर आले होते. मी त्याच्या आवाजाबद्दल बोललो, शाळेतल्या दिवसांबद्दल बोललो आणि शेवटी म्हणालो, "मी माझ्या वतीने दिनकरला श्रद्धांजली वाहतो." लोकांमध्ये थोडी चुळबुळ झाली. सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

नंतर दिनकरच्या घरी गेलो. ओट्यावर त्याचे स्पीकर चादरीखाली झाकून ठेवले होते. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि हळूच विचारलं, "भावजी, 'समस्त ग्रामस्थ' का न्हाय म्हणलात? लोकं इचारत्यात."

खरं सांगायचं धाडस झालं नाही. "राहून गेलं, वहिनी," म्हणालो.

त्या चादरीकडे बघत म्हणाल्या, "त्यांच्याकडनं असं कदी ऱ्हायलं नसतं."

खरंच. त्याच्याकडून कधीच राहिलं नसतं.