मर्लची लांब काडतुसं

यारिंबा गावच्या रायफल क्लबात मर्ल पॅस्कोला कुणी रायफलची नळी बदलायचा सल्ला दिला, की ती आधी त्याच्या कपात चहा ओतायची आणि मग त्याची खरडपट्टी काढायची. वय एकाहत्तर, उंची जेमतेम पाच फूट, आणि सहाशे यार्डांवरच्या ताटाएवढ्या काळ्या वर्तुळात गोळी घालणारी बाई. तिला शहाणपणा शिकवायचा म्हणजे छातीच हवी. तरी लोक शिकवायचे, कारण तिच्या रायफलची नळी खरोखरच म्हातारी झाली होती.

ती नळी क्लॅरीनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, स्वतःच्या हातानं बसवलेली. त्यानंतर महिन्याभरातच, ऐन गव्हाच्या सुगीत, तो मळणीच्या यंत्रावर बसल्या बसल्या गेला. त्याला आता सहा वर्षं झाली. क्लबच्या वार्षिक ढालीवर बत्तीस वर्षं डोळा ठेवूनही बिचाऱ्याचं नाव तिच्यावर कधी चढलं नाही. मर्लनं मनाशी पक्कं केलं होतं, ढाल जिंकायची आणि ती ह्याच नळीनं. क्लॅरी नाही तर नाही, त्याच्या हातचं काम तरी जिंकलं पाहिजे. आणि नळीची गत बघता हा मोसम शेवटचाच, हे तिलाही ठाऊक होतं.

यारिंबात बाजारची काडतुसं कुणी वापरत नाही. जो तो आपल्या शेडमध्ये बसून भरतो. पुंगळीत दारू घालायची आणि तोंडाशी गोळी बसवायची. आता ही गोळी किती आत आणि किती बाहेर, म्हणजे काडतूस एकंदर किती लांब, ह्यावरून तिथं चांगल्या चांगल्या घरांत अबोला झालेला आहे. क्लॅरीचा कायदा सरळ होता. बोल्ट, म्हणजे रायफलची मागची कडी, बंद केला, की गोळी नळीच्या आत कोरलेल्या पिळाच्या आट्यांना टेकली पाहिजे. “टेकली म्हणजे टेकली,” तो म्हणायचा, की विषय संपला.

पण प्रत्येक बार उडाला, की आट्यांची सुरुवात जराशी जळते आणि पुढं सरकते. ती सरकली, की मर्ल व्हर्निअरची मोजपट्टी घेऊन बसायची आणि गोळी केसभर बाहेर ठेवायची. असं करत करत सहा मोसमांत काडतूस इतकं लांबलं, की गोळी पुंगळीत नावापुरतीच राहिली.

“मर्ल, अगं ती बसलीय का नुसती टेकून उभी आहे?” नेव्हिल गार्साइड विचारायचा. हा क्लबचा कप्तान, क्लॅरीचा शाळेपासूनचा दोस्त.

“तुझी पँट तुझ्या कमरेवर उभी आहे, तशीच. पडली का कधी?”

“नवी नळी घे बाई. क्लॅरी असता तर त्यानंच बदलली असती.”

“क्लॅरी असता तर तू हे त्याच्यासमोर बोलून दाखवायचं होतंस. घे, चहा पी.”

तर स्पर्धेचा दिवस. शेवटच्या फेरीतल्या दहापैकी सात बार झालेले, सातही काळ्यात. मिल्डुराकडून आलेला एक दाढीवाला आपली फेरी संपवून लॅमिंग्टन केक खात बसला होता, आणि त्याला मागं टाकायचं तर मर्लचे उरलेले तिन्ही बार काळ्यातच पडायला हवे होते. ती चटईवर पालथी, आठवं काडतूस आत, बोल्ट बंद. तेवढ्यात नेव्हिल ओरडला, “थांबा. सगळ्यांनी रायफली रिकाम्या करा.”

कुंपण मोडून चाळीसएक मेंढरं निशाणांपुढून डुलत चालली होती. मेंढरं कुणाची? खुद्द कप्तानाची.

बाकीच्यांनी बोल्ट उघडून काडतुसं काढून ठेवली. मर्लनंही उघडला. पुंगळी आली, गोळी आलीच नाही. ती आट्यांत घट्ट रुतून बसली होती, आणि सगळी दारू रव्यासारखी बोल्टच्या खोबणीत सांडली. दाढीवाल्यानं खाणं थांबवलं.

नेव्हिल गज घेऊन आला. नळीच्या तोंडातून गज घालून त्यानं गोळी मागं ठोकून काढली, आणि मर्लनं ब्रशनं दारूचा कण न् कण झाडला.

“पण ती लांब काडतुसं आता आत जाणार नाहीत,” तो म्हणाला. “कप्तान म्हणून सांगतोय.”

“मेंढरं तुझी आणि शिक्षा मला?”

“मेंढरांवरून काय बोलायचं ते संध्याकाळी बोल. आत्ता माझी रायफल घे.”

“तुझ्या रायफलनं जिंकून मी काय करू?”

तिच्या गाडीत एक खोका होता. शनिवारी नवशिके येतात, त्यांच्यासाठी क्लबची काडतुसं तीच भरायची. तीच पुंगळी, तीच गोळी, दारूही काडतुसं भरायच्या पुस्तकातल्या मापाची, फक्त लांबीला पुस्तकात लिहिलंय तेवढीच, आखूड. ह्या झिजलेल्या नळीत त्यातली गोळी आट्यांच्या आसपासही पोचणार नव्हती. क्लॅरीनं असलं काडतूस चिमटीतसुद्धा धरलं नसतं. मर्लनं खोक्यातून तीन उचलली आणि ती पुन्हा चटईवर आडवी झाली. तोवर मेंढरं हाकलून झाली होती.

आठवा बार. खड्ड्यातल्या माणसांनी निशाण खाली ओढलं, भोकावर खूण लावून वर केलं, काळ्यात. नववा, काळ्यात. दहाव्याला वारा उठला. ती थांबली, गवत पुन्हा सरळ झालं, मग तिनं चाप ओढला.

“जिंकलीस गं,” नेव्हिल म्हणाला. मागं टाळ्या पडल्या, दाढीवाल्यानंही वाजवल्या.

मर्ल उठलीच नाही. ती चटईशेजारच्या दुर्बिणीला डोळा लावून होती. पहिल्या सात गोळ्या काळ्यात होत्या खऱ्या, पण चौफेर विखुरलेल्या. शेवटच्या तीन मधोमध, एका बशीखाली झाकाव्यात अशा. नळीला आखूड काडतूसच हवं होतं. कोण जाणे किती वर्षांपासून.

“नेव्हिल, तो चुकला होता रे.”

“कोण?”

“कोण काय? सहा वर्षं त्याच्या एका वाक्यामागं मी केस केस मोजत धावतेय.”

जिवंतपणी ती क्लॅरीला दिवसातून तीनदा सांगायची, की तुला काही कळत नाही. तो फुरंगटून शेडमध्ये जायचा आणि जेवायला हाक मारली की परत यायचा. मेल्यावर मात्र त्याचं काही चुकतं, असं म्हणायची तिची हिंमतच झाली नव्हती. आता तिला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच रडू आलं, आणि तिनं दोन्ही आवरायचा प्रयत्न केला नाही.

“मेल्या, तुला काही कळत नव्हतं,” ती म्हणाली. नेव्हिलला वाटलं आपल्यालाच म्हणतेय. पण ती नळीवर हात ठेवून बोलत होती, आणि बरंच काही बोलायचं राहिलं होतं, म्हणून तो चटईपासून बाजूला झाला.